रुईवरची अळी आणि आमची जमादारीण

आमची ही कुणी हातात काही दिलं की आधी हुंगायची. प्रसादसुद्धा. पुजारी चिडायचा. गाव तिला जमादारीणच म्हणायचं.

ते दुष्काळाचं साल. निलंग्याकडचा आमचा भाग उस्मानाबादेतून काढून लातूरच्या नव्या जिल्ह्यात घातला होता. लोक पेढे वाटत होते. ही म्हणाली, "जिल्हा नवा, ढग जुनेच. पाण्याचं कोण बोलंना?" पेढा हुंगला अन् पदरात बांधला.

बांधावर हिरवं म्हणून एक रुईच उरली होती. शनिवारी मारुतीच्या माळेला ही तिची पानं तोडायची. पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली की ते पान सोडायची. त्या अळीचं पुढं केशरी फुलपाखरू होतं. एकदा कोतवाल पाखरानं ते धरलं अन् लगेच थुंकलं. तेव्हापासून हिला संशय. "एवढं रंगीत, उडतंय बी सावकाश, अन् पाखरू खाईना? रुईचं इख पिऊन बसलंय ते."

आमच्याकडं एकच गाय होती, देवणी जातीची. दावणीत काडी नव्हती. अशात एकजण गाडीत चाऱ्याची हिरवी कुट्टी विकायला घेऊन आला. माझ्या जिवात जीव आला. हिनं पोत्यात हात घातला, हुंगलं, अन् पट्ट्यांची अर्धी अळी बाहेर काढली.

"मावशे, अळी काय, कुठं बी पडती," तो म्हणाला.

"ही न्हाई पडत. ही रुई सोडून कशाला तोंड लावत न्हाई. हिच्यासंगं रुई बी कापलीस तू. आधी तू खा मूठभर, मग माझी गाय खाईल."

त्यानं पोतं उचललं. मी ओरडलो, "अगं, गाय मरंल!"

"मरंल तर उपाशी मरंल. माझ्या हातानं इख खाऊन न्हाई."

मग गोठ्याच्या छपरावरचं जुनं गवत उपसून, पाणी शिंपडून तिनं गाईला घातलं. छप्पर उघडं पडलं, गाय जगली. ज्यांनी ती कुट्टी घेतली त्यांची जनावरं तोंडाला फेस येऊन पडली. त्यावर हिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

शेवटी दवाखान्यात नर्सच्या हातची गोळी घ्यायची नाही. मी आधी ती हुंगायचो, मग ही घ्यायची. मला वास काय कळतोय? पण हुंगायचो.

ती गेली. दारात तिनं राखलेली रुई आहे. परवा सूनबाईनं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत ह्याच फुलपाखराचा भाऊबंद आहे, मोनार्क म्हणून. थंडी आली की मुलूखच्या मुलूख ओलांडून जातो. मी म्हटलं, जमादारीण असती तर म्हणाली असती, एवढ्या लांब उगी कोण जातंय? तिथं काय करून पळालाय ते बघा आधी.

तेवढ्यात एक केशरी फुलपाखरू येऊन माझ्या हातावर बसलं. सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "मामा, आत्याच आल्या बघा."

मी म्हटलं, "न्हाई बाई. ती असती तर आधी हुंगलं असतं."

पण हात मी हलवला नाही.