मेहुण्याची नटवी बंदूक

होकिटिका गावातल्या एकाच दुकानातून, एकाच सकाळी, रेवी आणि त्याचा मेहुणा लिंडन एकाच बनावटीच्या दोन बोल्टच्या रायफली घेऊन बाहेर पडले, त्याला नऊ वर्षं झाली. रेवीने आपली त्याच आठवड्यात डोंगरावर नेली आणि एक हरीण पाडलं. लिंडनने आपली स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, खालीवर न्याहाळली, आणि अकराव्या दिवशी तिचा लाकडी दस्ता काढून फेकला.

तिथून जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. दस्त्याच्या जागी कोळशासारखा काळा, पोकळ, महागडा दस्ता आला. दुसऱ्या वर्षी चाप बदलला. म्हणे कारखान्याचा फार जड ओढतो. मग नळी कापून वीतभर आखूड केली आणि तोंडाला सायलेन्सर बसवला. तेवढं तर इथे सगळेच करतात, कारण लांब नळी जंगलात प्रत्येक वेलीला मुजरा करत चालते. पण लिंडनचं तेवढ्यावर भागेना. बोल्टची मूठ बदलली, खालची पेटी काढून सुटं मॅगझीन आणलं, शेवाळी रंगाचा मुलामा दिला. मग दुर्बीण. त्या दुर्बिणीच्या पैशांत बायकोच्या गाडीचं इंजिन नवं झालं असतं, असं खुद्द बायकोच, म्हणजे रेवीची बहीण नायरी, सगळ्यांना सांगायची.

लिंडन दातांच्या कवळ्या बनवायचा. अर्ध्या किनारपट्टीवरची म्हातारी माणसं त्याने बनवलेल्या दातांनी मटण चावायची. नळीमागचा पोलादी सांगाडा दस्त्यात जराही हलू नये म्हणून मध्ये राळ ओततात, ती त्याने बाहेरून आणली नाही. आपल्या कामाचीच ओतली. बंदूक उघडली की आत गुलाबी हिरड्या दिसायच्या.

"ही गोळी मारणार की चावा घेणार?" रेवीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"केसभर हलत नाही आता," लिंडन म्हणाला. त्याला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही त्याने तो गिळला. तो नेहमीच गिळायचा, आणि त्याचाच रेवीला जास्त राग यायचा.

कारण एवढं करून नऊ वर्षांत या गृहस्थाने डोंगरावर एकही गोळी झाडली नव्हती. एकही! लक्ष्यफळीवर शंभर पावलांवरून तीन भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी पाडायचा. पण दर एप्रिलमध्ये लाल हरणांचे नर माजावर येऊन डुरकायला लागले, हे दोघं आणि रेवीचा मित्र डेस असे तिघं हेलिकॉप्टरने वरच्या झोपडीत उतरले, की आठवडाभर लिंडन रोज संध्याकाळी ओला, चिखलाने माखलेला आणि रिकाम्या हाताने परत यायचा. "दिसला होता," म्हणायचा. "पण नीट नाही दिसला." नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगण पुन्हा पुन्हा सारवून घेतलेलं.

रेवी स्वतः कुंपणं घालायचा. तीस वर्षं खांब ठोकून त्याचे हात खांबांसारखेच झाले होते. त्याची बंदूक दुकानातून आली तशीच होती. दस्त्याला तडा गेला तेव्हा त्याने चिकटपट्टी गुंडाळली. दुर्बिणीत पावसाळी दिवशी वाफ धरायची, ती तो बनियनने पुसायचा. "आईने जन्माला घातली तशीच," तो चारचौघांत सांगायचा, आणि मग न विचारता आकडा सांगायचा: चौसष्ट. चौसष्ट हरणं. डुरकण्याचा आवाज ऐकून नर किती वर्षांचा, किती टोकांच्या शिंगांचा, हे तो सांगतो असा त्याचा लौकिक होता, आणि तो लौकिक त्याने स्वतःच जपला होता.

झोपडीत खाटा तीनच. एक रेवीची, कारण त्या डोंगरावरच्या शिकारीच्या परवान्याची सोडत त्याच्या नावावर लागायची. एक डेसची, जो त्याच्याबरोबर शाळेपासून होता. तिसरी लिंडनची, केवळ नायरीच्या शब्दाखातर. गावातला मॉरी खाटीक चार वर्षं त्या खाटेकडे डोळे लावून बसला होता. मॉरी शिकार करायचा, सोलायचा, वर घरपोच तुकडे करून द्यायचा. यंदा रेवीने निघण्यापूर्वीच सांगून टाकलं.

"मेहुणे, हे शेवटचं वर्ष. एक नर पाडून दाखव. नाहीतर खाट मॉरीची."

लिंडनचा चेहरा पडला. वर्षाचे एकावन्न आठवडे दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारा तो माणूस. हा एकच आठवडा त्याचा होता, हे रेवीला ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्याने नेमका तिथे घाव घातला होता.

"बरं," लिंडन म्हणाला.

पाच दिवस गेले. डेसने एक पाडला, रेवीने एक. लिंडनने काही नाही. सहाव्या सकाळी, म्हणजे शेवटच्या सकाळी, रेवीने रोजच्यासारखी चुलीतल्या कोळशाने टेबलावर रेघ ओढली. हा नियम त्यानेच घातला होता आणि तो मोडणाऱ्याला झोपडीत थारा नव्हता. डोंगराची मधली धार ही हद्द. धारेच्या उजवीकडचा ओहळ रेवीचा, डावीकडचा लिंडनचा, खालची नदीकाठची सपाटी डेसची. कुणी कुणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, मग पलीकडे सोन्याची शिंगं का दिसेनात.

उजाडता उजाडता रेवी निघाला तेव्हा लिंडन बाकावर बसून मऊ फडक्याने दुर्बिणीची काच पुसत होता. शेजारी व्हॅक्यूम क्लीनरची जुनी नळी पडली होती; नराला चिथवायला तिच्यातून तो डुरकायचा. गेल्या वर्षी त्या नळीतून असा आवाज निघाला होता की डेस म्हणाला, कुणीतरी गायीच्या पोटावर बसलंय.

"बारा वाजेपर्यंत पूस," रेवी दारातून म्हणाला. "नर तोवर दाढी करून येतील तुझ्यासाठी."

त्याच्या ओहळात काही नव्हतं. दोन तास त्याने प्लास्टिकच्या पन्हाळीच्या तुकड्यातून साद घातली, उत्तर नाही. भुरभुर पाऊस लागला. नेच्याच्या झाडांवरून पाणी मानेत उतरायला लागलं. आणि तेवढ्यात धारेच्या पलीकडून आवाज आला. खोल, खरखरीत, शेवटी तीनदा खोकल्यासारखा तुटणारा. रेवीच्या अंगावर काटा आला. मोठा नर. आठ वर्षांचा, कमी नाही. बारा टोकांचा तरी असणारच.

आवाज लिंडनच्या हद्दीतला होता. रेवी क्षणभर थांबला, पण क्षणभरच. लिंडन तिथे असणार नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो अजून बाकावर काच पुसत असेल. निघाला असलाच तर पहिल्या वळणावर बसून नायरीने दिलेला फळांचा केक खात असेल. आणि असा नर त्याच्यावर वाया घालवायचा म्हणजे गाढवाला गुळाची चव शिकवणं. रेवीने धार ओलांडली.

त्याने साद घातली. पलीकडून उत्तर आलं. जवळ सरकला, तोही सरकला. असं अर्धा तास चाललं. नर हट्टी होता, रागावलेला होता, एक पाऊल मागे घ्यायला तयार नव्हता. रेवीने कोपरांवर रांगत शेवटची उतरण पार केली आणि एका पडलेल्या राता झाडाच्या खोडाआड छाती टेकवली. समोर चाळीस पावलांवर नेच्याची गर्दी. तिच्यात काहीतरी हललं. तपकिरी. ओल्या केसांसारखं तपकिरी, आणि त्याच्या वर एक वाळकी फांदी, जी फांदी नव्हती, कारण ती त्या तपकिरीबरोबर हलली.

दुर्बिणीत वाफ होती. त्याने ती पुसली नाही. पुसायला हात हलवला असता तर नर उधळला असता. खांदा कुठे असेल याचा त्याने अंदाज केला. यंदाचा धरून पासष्ट वेळा तो अंदाज बरोबर आला होता. सेफ्टी पुढे ढकलली. चाप ओढायला सुरुवात करताना त्याच्या मनात संध्याकाळचंच चित्र होतं: हे डोकं तो टेबलावर ठेवतोय आणि लिंडनचं तोंड बघतोय.

"रेवी?"

आवाज नेच्यातून आला.

"रेवी, तूच ना? दाढी दिसली तुझी. हलू नकोस हां, मी बोल्ट काढतो आधी."

नेचा बाजूला झाला आणि तपकिरी पावसाळी कोट घातलेला लिंडन उभा राहिला, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात तिचा काढलेला बोल्ट, खांद्यावर टाकलेली डुरकायची नळी डोक्याच्या वर फांदीसारखी निघालेली. माणूस दुरून ओळखू यावा म्हणून घालायची नारिंगी टोपी डोक्यावर नव्हती. कुठल्यातरी काटेरी वेलीने ती वरच काढून घेतली होती. तो हसत होता.

"अरे भावा, मी अर्धा तास तुझ्याशी भांडतोय! मला वाटलं, केवढा मोठा नर! नळीला यंदा नवीन तोंड बसवलंय, कवळीच्या साच्यात ओतलंय. बरा येतो ना आवाज?"

रेवीचं बोट चापावरून निघायला वेळ लागला. खोडाआड, लिंडनला दिसणार नाही असं, त्याने सेफ्टी मागे ओढली. तो खटका त्याला फार मोठ्याने ऐकू आला.

"बरा येतो," तो म्हणाला.

दुपारी झोपडीत डेसने सॉसेजेस तळली आणि लिंडनने सगळी गोष्ट सांगितली, स्वतःवरच. आपण कसे रांगलो, कसे फुरफुरलो, मेहुण्याला बारा टोकांचा नर समजून कसे प्रेमात पडलो. डेसला हसून हसून ठसका लागला.

"म्हणजे नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तुझ्याजवळ आलं, आणि तेही हे!" डेस म्हणाला. "मग नेम धरलास की नाही?"

"छे. दिसलं कुठे काही? काळसर गोळा दिसला फक्त. मी डोकं, मान आणि खांदा, तिन्ही दिसल्याशिवाय बंदूक वर उचलतच नाही." लिंडन ताटलीतलं शेवटचं सॉसेज कापत होता. "दुर्बीण म्हणून तर एवढी घेतली. तरी बहुतेक वेळा नाही दिसत. दोन वर्षांमागे तर नक्की नर होता, नव्वद टक्के तरी. पण दहा टक्के राहिलेच ना. सोडला." त्याने रेवीकडे पाहिलं. "असो. बोललो तसं. मॉरीला सांग, खाट तुझी. उशी मात्र माझी आहे, ती घेऊन जाईन."

"अरे नऊ वर्षांची हौस, आणि निघाली उशी घेऊन!" डेसला पुन्हा हसू फुटलं. "रेवी, बोल की काहीतरी. तुला तर आज ढोल वाजवायला पाहिजे."

आता रेवीने टोमणा मारायचा होता. सगळे त्याची वाट बघत होते. लिंडनही, मान थोडी खाली घालून, नेहमीसारखा गिळायच्या तयारीत. इतकी वर्षं ज्या गोष्टीला रेवी लिंडनचा भित्रेपणा म्हणत आला, तिच्यामुळे रेवी आज जिवंत होता. आणि ज्याला तो स्वतःची नजर म्हणत आला, तिने त्याच्या बहिणीला विधवा करायला बोटभर अंतर ठेवलं होतं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की समोरची ताटली त्याने दूर सारली.

"माझी सेफ्टी पुढे होती," तो म्हणाला.

डेसचं हसू अजून पुरतं विरलं नव्हतं. "काय?"

"चाप ओढत होतो मी. तपकिरी दिसलं, आणि धरला नेम." तो लिंडनकडे बघून बोलत होता, दुसरीकडे बघणं त्याला आणखी वाईट वाटलं असतं. "तू हाक मारलीस तेव्हा ओढतच होतो. आणि मी तुझ्या हद्दीत होतो. रेघ मी मोडली."

लिंडनने सुरी खाली ठेवली.

"कुठे धरला होतास?"

रेवीने आपल्या छातीवर, डाव्या बाजूला, हात ठेवला.

लिंडन उठला आणि बाहेर गेला. दाराच्या फटीतून तो पावसात उभा दिसत होता, कोट न घालता, दोन्ही हात काखेत. डेसने तवा चुलीवरून उतरवला. बऱ्याच वेळाने लिंडन आत आला तेव्हा रेवीने आपल्या बंदुकीचा बोल्ट काढून टेबलावर ठेवला होता.

"मॉरीला माझी खाट दे," रेवी म्हणाला. "पुढच्या वर्षी मी येत नाही. सोडतीचा अर्ज तू भर."

लिंडनने बोल्ट उचलला, पाण्याने सुजलेल्या बोटांत एकदा फिरवला आणि खुंटीवरच्या आपल्या कोटाच्या खिशात टाकला. नको म्हणाला नाही, राहू दे म्हणाला नाही.

"आणि नायरीला?" डेसने हळूच विचारलं.

"ते हाच सांगेल," लिंडन म्हणाला. "माझ्या देखत."