नंदूदादा रुळला

माझा थोरला भाऊ नंदकुमार १९८८ साली शिष्यवृत्तीवर कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला तुर्कस्तानात गेला, तेव्हा सिल्वासाच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या निम्म्या लोकांना तो आखातात तेल काढायला गेला असंच वाटलं. उरलेल्या निम्म्यांना बाबांनी खरं काय ते सांगितलं. बाबा प्रशासनात हेडक्लार्क. आयुष्यभर मुकाट्याने फायली वाचलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला अखेर दादाची पत्रं मिळाली. शेजारपाजारचे जमले की ती चष्मा पुसून, थांबत थांबत वाचली जात. शेवटचं वाक्य ठरलेलं : ‘मी आता इथे पूर्ण रुळलो आहे.’

रुळला कसला, डोंबल! पहिल्याच आठवड्यात खोली शोधायला निघाला. ‘खोली आहे का?’ एवढं एक तुर्की वाक्य घोकलेलं. घरमालक म्हणाला, “वर, वर.” तुर्कीत ‘वर’ म्हणजे ‘आहे’. आमचा पदवीधर थेट जिना चढून वर! वरती एक म्हातारी मटार सोलत बसली होती. तिने किंकाळी फोडली आणि सोललेले मटार जिन्यावरून त्याच्या आधी खाली पोचले. बाबांनी हा मजकूर गाळून वाचला. मी नंतर पत्र चोरून वाचलं, म्हणून मला ठाऊक.

त्याच वर्षी मी खानवेलच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. मुलं वारली बोलायची, मी आमच्या गावचं, रोह्याचं मराठी. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग मी त्यांची भाषा शिकले. पण रोज सकाळी बसने जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या बाईला पत्रं लिहायची सोय नसते, त्यामुळे माझं रुळणं कुणी वाचून दाखवलं नाही.

हिवाळ्यात एक पत्र आलं. दादा बर्फावरून घसरला आणि बस-थांब्यावर उभ्या असलेल्या एका दांडग्या माणसावर “आई गं!” करत आदळला. त्या माणसाने धडपडत उठून दादाचं बखोट धरलं. तुर्कीत आईसारखाच ऐकू येणारा एक शब्द आहे, त्याचा अर्थ अस्वल, आणि माणसाला अस्वल म्हणणं ही तिथे शिवी. दादाने लिहिलं होतं, ‘तेव्हापासून मी तो शब्द तोंडातून काढूनच टाकला आहे.’

हे पत्र बाबांनी पूर्ण वाचलं. मंडळी पोट धरधरून हसली. आई हसली नाही.

एरवी ती बाबांच्या पत्राखाली ‘आईचे आशीर्वाद’ एवढंच लिही. या वेळी स्वतः कार्ड घेऊन बसली. ‘मग लागलं-खुपलं तर काय म्हणतोस?’ एवढाच प्रश्न. महिन्याने उत्तर आलं, ‘उफ् म्हणतो. सवय झाली.’ ते पत्र आईने बाबांना मोठ्याने वाचू दिलं नाही.

१९९१च्या जुलैत दादा परत आला, तो उंटावरचा शहाणा होऊनच. आमच्या चहात दूध आहे याचं त्याला दुःख झालं. चहा पुरे असेल तर तिकडे चमचा पेल्यावर आडवा ठेवतात, म्हणून हाही जाईल तिथे कपावर चमचा आडवा ठेवू लागला. शेजारच्या भानुबेन म्हणाल्या, “अरे नंदुभाई, चमची तो अंदर मूको!” आणि चमचा आत टाकून त्यांनी कप पुन्हा भरला.

आईचं लक्ष चहाकडे नव्हतं. दादाचं डोकं माळ्याला आपटलं, “उफ्!” बोट दारात चेमटलं, “उफ्!” प्रत्येक वेळी आई हातातलं काम थांबवून ऐकायची. एकदा मला हळूच म्हणाली, “सुलभा, याला लागतं गं, पण मी आठवत नाही.” मी एरवी तिची थट्टा केली असती. त्या दिवशी माझ्याच्याने झाली नाही.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत दादाचं व्याख्यान ठेवलं. स्टेज म्हणजे शाळेची टेबलं जोडलेली. दोन टेबलांमध्ये फट आहे, हे मी त्याला सकाळीच बजावलं होतं. पण मास्तरणीचं कोण ऐकतो? दादा तासभर बोलला. शेवटी म्हणाला, “परक्या देशात रुळायचं तर जुन्या सवयी सोडाव्या लागतात. आता बर्फावर कसं चालायचं, ते दाखवतो.” आणि माईक हातात घेऊन छोटी छोटी पावलं टाकत निघाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, याने पाय दाखवला. तिसऱ्याच पावलाला तो पाय फटीत गुडघ्यापर्यंत गेला.

“आई गंऽऽ! आई! आई गं, मेलो!”

माईक चालू होता. नारळीच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून ती हाक सगळ्या क्वार्टर्समध्ये घुमली. लोक हसून लोळले. बाबांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या रांगेतली आई मात्र ताडकन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

“आला गं बाई! आला एकदाचा!”

भानुबेन गोंधळल्या. “कोण आव्यो, मालतीबेन?”

“माझा नंदू.”

“ए तो बे महिनाथी आव्यो छे ने!”

“नाही हो,” चपला शोधत आई म्हणाली, “आत्ता आला.”