खालची फळी

"भूक लागल्यावर हुडकू नये ताई, आधीच ठिवून द्यावं," असं म्हणत मामा आमच्या डब्याच्या झाकणावर नखानं टकटक करायचे. डबा रिकामा वाजला की त्यांचा चेहरा पडायचा. मुदखेडच्या आमच्या कार्यालयात ते शिपाई होते. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. साहेबापेक्षा त्याचंच जास्त ऐकलं जातं.

मी नांदेडहून रेल्वेनं ये-जा करायची. नवरा देगलूरला बँकेत. आम्ही घरी पोचेपर्यंत लेकरं पाकिटातलं काहीबाही खाऊन बसलेली असायची, मग जेवायला नको म्हणायची. एके दिवशी शाळेतून फोन आला. आठ वर्षांच्या लेकीला प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी आहे. खाणं सुधारा." दुसऱ्या दिवशी कार्यालयात सांगताना मला रडूच आलं.

"रडून रक्त वाढतंय व्हय?" मामा म्हणाले. "रविवारी येतो."

आले ते पिशवी घेऊनच. स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसले, लेकराएवढे झाले आणि फळ्यांकडं पाहू लागले.

"पाकिटं खाली अन् शेंगदाणे, गूळ पार वर! लेकरू काय शिडी लावंल?"

पाकिटं वर गेली. खालच्या फळीवर फुटाणे, खारका, ज्वारीच्या लाह्या आल्या. गूळ-शेंगदाण्याचे लाडू त्यांनी मुलांकडूनच वळून घेतले. एकही गोल झाला नाही.

"आता सुशीला," मामा म्हणाले.

माझा पाच वर्षांचा मुलगा दाराकडं बघू लागला. "कोण सुशीला?"

"आलीच बघ धा मिन्टांत!" त्यांनी मुरमुरे भिजवून पिळले, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकले, वरून डाळव्याचं कूट, झाली सुशीला. मुलानं दोनदा घेतली आणि विचारलं, "सुशीला रोज येईल?"

मामा, हे सगळं शिकलात कुठं, असं मी सहज विचारलं.

"घरची मालकीण गेली तवा धाकटी पोर तीन वर्साची. मला चहा बी येत नव्हता. भात शिजंपर्यंत दोघी रडून झोपून जायच्या. मंग ठिवून द्यायला शिकलो."

काही महिन्यांनी लेकीचं रक्त वाढलं. रिपोर्ट मी घरच्यांच्या आधी मामांना दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ वाचला.

निवृत्तीनंतर ते लातूरला धाकटीकडं राहायला गेले. मागच्या वर्षी मी भेटायला गेले, तर घरापुढच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांची रांग. मामा पेरू चिरत होते. नजर अधू झालेली, तरी प्रत्येकाचा हात डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "धुतला का? उलटा करून दाखव." मी गुपचूप रांगेत उभी राहिले.

माझा हात पाहून ते चपापले. वर बघून हसले. "ताई! तुमी व्हय?" आणि तरीही म्हणाले, "उलटा करा."

त्यानंतर भेट झाली नाही. दिवाळीनंतर ते गेले. पण त्या दिवशी हातावर पेरूची फोड घेऊन मी तशीच उभी होते, तेव्हा मागची पोरगी ओरडली, "काकू, तुमचं झालं ना? सरका की!"

मी सरकले. मामांनी पुढचा हात धरला होता.