बाळाजीच्या पिंजऱ्यातले अकरा दाणे

बाळाजी,

हे छापून आलं की तू फोन करशील आणि म्हणशील, "काकू, माझं नाव कशाला घातलंत?" घालणार. दोन वर्षं लोकांनी तुझं नाव तेवढं वगळून बाकी सगळं घातलं. तू कुणाला काही बोलला नाहीस, ते तुझं वळण. माझं तसं नाही, हे आमच्या अख्ख्या नईम मोहल्ल्याला ठाऊक आहे. कुठे चुकलं असेल तर सांग. संकोच वाटला तर गिळून टाक. आणि तू सांगितलेल्या कामाचं काय झालं, तेही शेवटी लिहिते. पळ काढत नाही.

तर बाळाजी तोरसकर. देवगडकडचा, वय सेहेचाळीस, इथे बहरीनमध्ये सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं वेल्डर. हातात कसब असं की दोन नळ्या जोडल्या तर सांध्यावरून बोट फिरवून कळू नये कुठली कुठे संपली. कागद मात्र एकही नाही. आयटीआय अर्धवट सोडलेलं. सित्राच्या मोठ्या कंपन्यांत दुप्पट पगार मिळतो, पण तिथे गेटवरच विचारतात, सर्टिफिकेट? बाळाजी तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा नुसते हात दाखवून परत.

अशा माणसाला जयप्रकाश भेटला. पुण्याचा इंजिनियर, गलेलठ्ठ पगार, पन्नाशीला आलेला आणि डोक्यात एकच खूळ: स्वतः बांधलेली गाडी ताशी तीनशे वीस किलोमीटरने पळवायची.

ही शर्यत कुणाच्या पुढे जाण्याची नसते. एकटी गाडी, सपाट जमीन, सरळ रेघ आणि वेळ मोजणारं यंत्र. बहरीनमध्ये ते जमायचं नाही. गाडी जोर धरेपर्यंत देश संपतो. म्हणून ऑस्ट्रेलियातलं एक सुकलेलं मिठाचं तळं, जिथे वर्षातून एक आठवडा असले हौशी जमतात. ना पाणी, ना सावली, ना पंक्चरवाला. प्यायच्या पाण्यापासून तंबूपर्यंत सगळं आपलं आपण न्यायचं.

इंजिन भंगारातलं, ते स्वस्त. त्यापुढचं सगळं महाग. त्या वेगाला न फाटणारे टायर. गाडी थांबवायला मागे उघडणारं पॅराशूट. आगीत तग धरणारा सूट. कंटेनरचं जाऊन-येऊन भाडं. आणि गाडी तिकडे विकणार नाही, परत आणू, अशा हमीची कस्टमची वही. तिच्यापोटी बँकेत अडकवलेली जाडजूड अनामत. माल पाठवणारा अर्शद त्या वहीला 'गाडी का पासपोर्ट' म्हणायचा. सगळं मिळून बावीस हजार दिनार, आणि धावणं जेमतेम तीन मिनिटांचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. फक्त ते कुणाच्या अंगावरून वसूल होतं, ते बघायचं असतं.

बाळाजीच्या वाट्याला आला पिंजरा. गाडी उलटली तर चालवणारा चेंगरू नये म्हणून आतून नळ्यांचा सांगाडा असतो, तो. दोन वर्षं त्याने आपले सुट्टीचे शुक्रवार त्यात घातले. बदल्यात जेवण, आणि "बाळाजी, तू आपल्या घरचा माणूस!" घरचा म्हटलं की मजुरी विचारता येत नाही, ही सोय फार जुनी आहे.

नोव्हेंबरात पिंजऱ्याचे फोटो तिकडच्या शर्यतीच्या तपासनिसाला पाठवले. त्याची ईमेल आली. जयप्रकाशने वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या मराठीत सांगितली: इतक्या वर्षांत इतके स्वच्छ सांधे क्वचित पाहिले, ज्याने केले त्याचं नाव कळवा, मला त्याचा हात हातात घ्यायचाय.

बाळाजीने ग्राइंडर बंद केला. "साहेब, परत एकदा वाचा."

जयप्रकाशने वाचली. नावही कळवलं, एवढं श्रेय त्याला देते. उलट उत्तरात 'मिस्टर तोरसकर' असं आलं. बाळाजीच्या कामाखाली कुणी त्याचं नाव लिहिण्याची ही पहिली वेळ. तो मनाशी म्हणाला, सित्राच्या गेटवर दाखवायला कागद झाला.

तिकडे न्यायच्या माणसांच्या यादीतही त्याचं नाव होतं. अनामत भरली आणि पहिलं कापलं गेलं ते त्याचं तिकीट. गाडीला पासपोर्ट मिळाला. तिला उभी करणारा सलमाबादेतच राहिला. तो म्हणाला, "जाऊ दे. गाडी गेली म्हणजे माझा पिंजरा गेला."

जानेवारीत गाडी चढवायची ठरली. अर्शदने त्याला समोर बसवून बजावलं, "बाळाजीभाई, उधर मिट्टी मफी, घास मफी, बीज मफी. एक दाना मिला तो गाड़ी अंदर." मफी म्हणजे बिलकूल नाही. बाळाजीने ते अक्षरशः घेतलं. तीन दिवस टूथब्रश, कापूस आणि कॉम्प्रेसरची हवा. चाकांच्या आतल्या कडा, बोल्टांची डोकी, नळ्यांच्या खाचा. शेवटी सीट बसवून बोल्ट आवळले. देव्हाऱ्यातली भांडीसुद्धा कुणी इतकी घासत नाही.

आणि मग आम्ही आलो. जयप्रकाशच्या बायकोने, कस्तुरीने, पूजा ठेवली होती. आपल्याकडे नव्या स्कूटरचीही होते, मग हिची का नाही? चाळीस माणसं, झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, नारळ, आणि ताटभर अक्षता.

बाळाजी हात पुसत पुढे आला. "वहिनी, तांदूळ नको हां. बी-बियाणं चालत नाही तिकडे."

"अहो बाळाजी, अक्षता आहेत त्या. बियाणं काय म्हणताय!"

"तिकडच्या माणसाला काय कळतंय वहिनी, अक्षता की तांदूळ?"

जयप्रकाशचा दोस्त सलील, बँकेतला, मोठ्याने हसला. "का रे, कस्टमवाला काय भात लावणाराय त्याचा?"

सगळे हसले. बाळाजीही हसला, त्याला हसावंच लागतं. पण जागचा हलला नाही. "मग हार बॉनेटवर ठेवा, अक्षता खाली ताटात टाका. गाडीवर नको."

"हो हो, लांबूनच," जयप्रकाश म्हणाला.

लांबूनच टाकल्या. चाळीस जणांनी, लग्नात टाकतात तशा. मीही टाकल्या. चांगली मूठ भरून.

माणसं पेढे खाऊन पांगली आणि बाळाजी व्हॅक्यूम घेऊन वाकला. वरचं सगळं निघालं. सीटखाली हात जाईना. एवढ्यात अर्शदचा ट्रेलर दारात.

"साहेब, सीट काढतो. एक तास द्या."

"ट्रेलरला वेटिंग लागतं रे, तासाला पंधरा दिनार. चार दाण्यांनी काय होतंय? खलास. यल्ला, चढवा."

"साहेब, अर्धा तास."

"बाळाजी! आता पुरे."

पंधरा दिनार वाचले.

फेब्रुवारी सरता सरता गाडी तिकडच्या बंदरात उतरली. आठवड्याभराने शर्यत. जयप्रकाश आणि सलील आधीच जाऊन बसले होते. तपासणाऱ्याने सीट उचलली, खालून निघालेलं पांढऱ्या कागदावर मांडलं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला: तांदळाचे अकरा दाणे, हळद लागलेले, आणि झेंडूच्या चार सुकल्या पाकळ्या. कायदा त्यांचा, आधी सांगितलेला. त्यांना बोल नाही. गाडी पुन्हा धुवायची, आणि धुणाऱ्यांकडे तीन आठवड्यांची रांग. रांग संपली तेव्हा तळ्यावरचे तंबूसुद्धा उठले होते. गाडी आता तिकडेच कुणाच्या शेडमध्ये आहे, कारण पुढच्या वर्षी इंशाल्ला पुन्हा.

इथवर फक्त मूर्खपणा होता. पुढचा हलकटपणा. जयप्रकाशने तिकडूनच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला, शुद्ध इंग्रजीत: वर्कशॉप लेव्हलला क्लीनिंगमध्ये राहिलेल्या त्रुटीमुळे यंदा धाव होऊ शकली नाही. खाली चाळीस जणांचे जोडलेले हात. ज्या हातांनी अक्षता टाकल्या, तेच.

बाळाजीही त्या ग्रुपात आहे. जयप्रकाश परतल्यावरच्या शुक्रवारी बाळाजी माझ्या खिडकीची जाळी बसवायला आला. काम संपवलं, चहा घेतला, फोन पुढे केला.

"काकू, वर्कशॉप लेव्हल म्हणजे मीच ना?"

मी मजकूर पुन्हा वाचला आणि फोन परत दिला.

"मालकानेही वाचलंय," तो म्हणाला. "विचारत होता, तुझ्या हातून असं कसं राहिलं?" मग कप विसळून पालथा घातला. "ते जाऊ दे. तुम्ही साहेबांकडे जाता-येता. त्या ईमेलची एक प्रिंट मागाल? ती पिंजऱ्याची. सित्राला सोमवारी बोलावलंय. मी मागितली तर त्यांना वाटेल, भांडायला आलोय."

"एवढंच? आज संध्याकाळी आणते."

गेले. बेल वाजवताना मनात प्रिंटच होती. जयप्रकाशने दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काय सांगू काकू, इतका खर्च केला, आणि शेवटी बाळाजीच्या एका निष्काळजीपणाने..."

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. मी बोलले. पंधरा दिनारांपासून सुरुवात केली. सीटचा अर्धा तास, कापलेलं तिकीट, 'घरचा माणूस', त्याच्या अक्षता आणि माझ्याही. कस्तुरी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. तो म्हणाला, "काकू, तुम्ही वयाने मोठ्या म्हणून ऐकून घेतोय." मी म्हटलं, "ऐकू नकोस, ग्रुपवर लिही." आणि दार आपटून निघाले.

लिफ्टमध्ये फार बरं वाटत होतं. खाली रस्त्यावर आले आणि आठवलं. परत वर जायला पाय उचलेना. खरं सांगायचं तर मान खाली जाईना. जयप्रकाशने त्यानंतर माझा फोन घेतलेला नाही. ग्रुपवरही काही लिहिलेलं नाही.

बाळाजी, सोमवारी तू सित्राला काय घेऊन गेलास ते मी विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. तुझ्या वाटची सगळी भांडणं मी भांडून आले. प्रिंट मागायची तेवढी राहिली.