मधली अक्षरं

बाबा आयुष्यभर मुद्रितशोधक होते. नारायण पेठेतल्या छापखान्यातून प्रुफं घरी यायची. बाबा मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, आई प्रुफावर बोट ठेवून ताडून बघायची आणि चूक दिसली की म्हणायची, "अहो, थांबा." वाचणारा आणि ताडून बघणारा एकच नसावा, हा आमच्या घरचा कायदा होता.

जर्मनीतला माझा धाकटा भाऊ बाबांच्या फोनवरच्या वॉलेट ॲपमध्ये क्रिप्टो, म्हणजे डिजिटल चलन, साठवायला लागला, तेव्हाही हाच कायदा लागू झाला. पाठवायचं तर खातेक्रमांकासारखा समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता लागायचा; तो शून्य आणि एक्सनं सुरू व्हायचा. पुढे नुसते आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, काही मोठी, काही लहान. ते मोठं-लहान उगाच नसतं, एखादं अक्षर चुकलं तर मेळ बसत नाही आणि ॲप अडवतं, असं भावानं सांगितलं. बाबांना हे फार आवडलं. पण ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत पत्त्याचं फक्त डोकं आणि शेपूट दिसायचं, मध्ये टिंबं. "मधला मजकूर काय उंदरांनी खाल्ला?" बाबा म्हणाले. भावाला थोडी रक्कम पाठवून पाहिली, तेव्हा पूर्ण पत्ता उघडून त्यांनी वाचला आणि आईनं ताडून बघितला.

या उन्हाळ्यात आई गेली. पाठोपाठ भावाची नोकरी सुटली. दुसरी मिळेपर्यंत तिथे तग धरायला त्याला ती साठवण हवी होती. बाबांनी जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलला, डोकं-शेपूट पाहिलं आणि सगळं पाठवून दिलं. कुणा भामट्यानं चिल्लर पाठवून त्या यादीत आपला पत्ता घुसवला होता, दोन्ही टोकांना हुबेहूब भावाच्या पत्त्यासारखा. ॲपनं अडवलं नाही. पत्ता नीट लिहिलाय एवढंच त्याला कळतं, तो कुणाचा हे कळत नाही.

गेलेलं परत येत नाही. भाऊ आता तिथलं बिऱ्हाड मोडून येतोय. फोनवर तो बाबांवर रागावला नाही, तेच त्यांना जास्त लागलं. मला मात्र राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

परवा बाबांनी मला आईच्या खुर्चीवर बसवलं, भावाचा खरा पत्ता हातात दिला आणि चुकीचा वाचायला लागले. सुरुवात जुळली. मग एक अक्षर जुळलं नाही.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

"तिनंही इथंच पकडलं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "पुन्हा घेऊ."

त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्या अक्षराशी आले आणि गप्प बसले. मी थांबा म्हणेपर्यंत ते तसेच वाट बघत राहिले.