बिनखाडेची भरपगारी रजा

पंपांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे बिनखाडे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षांत गड्यानं एकही खाडा केला नव्हता. ताप असला तरी यायचा. सख्ख्या बहिणीचं लग्नही त्यानं जेवणाच्या सुट्टीत उरकलं होतं, आणि ती अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

कारखाना परदेशी कंपनीनं घेतला आणि नोटीस लागली: वर्षातून सलग दोन आठवडे भरपगारी रजा. घ्यायचीच. बाकीचे खूश झाले, बिनखाडेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. घरी बसून पगार? फुकट कोण कुणाला काय देतं!

"पाणी कुठंतरी मुरतंय," तो बायकोला म्हणाला. "मी पाठ फिरवली की माझ्या खुर्चीवर दुसरा बसणार."

"अहो, त्यांच्याकडे तशी पद्धतच असेल."

"पद्धत! केसानं गळा कापायची पद्धत."

रजेचे पहिले तीन दिवस त्यानं कसेबसे ढकलले. फोन एकदाही वाजला नाही. आपल्यावाचून काही अडत नाही, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. चौथ्या दिवशी भाजी आणतो म्हणून निघाला तो थेट कारखान्याच्या कुंपणाशी. स्टोअरचं दार सताड उघडं होतं. दोन अनोळखी माणसं रॅकवरची खोकी उतरवून त्यातली बेअरिंगं मोजत होती आणि लिहून घेत होती. नोकरी गेलीच, असं धरून तो भाजी न घेताच परतला.

रजा संपवून कामावर जाताच नव्या साहेबानं बोलावलं. साहेब इथली भाषा शिकून आलेला, सावकाश बोलायचा. त्यानं उठून हात मिळवला.

"आमच्याकडे जो कधीच रजा घेत नाही, त्याचा आधी संशय येतो. आपल्यामागे कुणी कपाटं उघडेल, या भीतीनं तो जागचा हलत नाही, असं समजतात. म्हणून सगळं मोजून घेतलं. एक वॉशरसुद्धा कमी नाही. अभिनंदन!"

नोकरी शाबूत होती. हसायला हवं होतं, पण बिनखाडेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या सव्वीस वर्षांवर तो छाती काढून चालायचा, ती या माणसाला चोराचा पहारा वाटली होती. म्हणजे संशय घ्यायला तो एकटाच हुशार नव्हता!

"साहेब," तो म्हणाला, "आज मला अर्धा दिवस रजा पाहिजे."

"कशासाठी?"

"तुमच्याकडे कारण विचारतात का?"

साहेबानं रजेचा कागद पुढे ओढून सही केली.

भरदुपारी नवरा दारात बघून बायको धास्तावली. "अहो, काढलं की काय?"

"नाही गं," तो चपला काढत म्हणाला. "मी चोर नाही, असं ठरलंय." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून तो घळाघळा रडला.