हिराबायची गोळी आणि आम्ही बुकवाल्या

मेडिकल लायब्ररीत काम करते म्हटलं की लोक म्हणतात, "वा, किती शांत नोकरी!" शांत? आमच्याकडे दोन गोष्टी साठतात. परत न आलेली पुस्तकं आणि किस्से. उशिराचा दंड फक्त पुस्तकांना आहे, म्हणून किस्से जास्त झालेत.

नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलची ही लायब्ररी. दर गुरुवारी आम्ही खडवलीजवळच्या एका गावात जातो. बीपी, शुगर, बाळाच्या लसी अशा विषयांवरची सोप्या मराठीतली पत्रकं वाटतो, प्रश्नांना उत्तरं देतो. आम्ही म्हणजे मी, मुख्य ग्रंथपाल परांजपे मॅडम आणि शिपाई तावडे. गावात आमचं नाव पडलंय 'बुकवाल्या'. तावडेसुद्धा त्यातच!

आणि गावात आहे हिराबाय. साठीतली आगरी बाई. तिने मान डोलावली तर अख्खी आळी येते, नाही तर आमची सतरंजी रिकामी. बीपी जबरदस्त. सख्ख्या बहिणीला बीपीनेच लकवा मारलाय, तरी हिने गोळ्या बंद केलेल्या. कारण? "बरा वाटला ना मना!"

तिची सून सुरेखा पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, बाकी गावाचं राहू द्या. आमच्या आईंनी तेवढी गोळी घेतली ना, तरी खूप झालं. लकवा झालेल्या मावशींचं सगळं मीच करते. ह्या पण आडव्या झाल्या तर मी कुठे कुठे बघू?"

* * *

त्याच दिवशीची गोष्ट. बायकांनी पत्रकं मन लावून वाचली. वाचून झाल्यावर एकेकीने उठून ती माझ्यासमोर नीट रचून ठेवली. एकही घरी नेईना! मला तर रडूच फुटणार होतं.

"आवडली नाहीत का?"

"तुमीच लिवलाय ना?" हिराबायने पत्रक उलटं केलं. मागे ठसठशीत शिक्का : 'बाहेर नेऊ नये'.

तावडेंनी आदल्या दिवशी सगळ्या गठ्ठ्यावर मारलेला. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, छापील कागद दिसला की हात आपोआप जातो."

'नेऊ नये' वाचून खरंच न नेणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. आमचे डॉक्टर त्याच शिक्क्याची पुस्तकं घेऊन थेट घरी जातात!

* * *

पुढच्या वेळी देवळाच्या सभामंडपात मॅडमचं भाषण. 'बीपी' शब्द निघाला आणि बायका एकदम बोलायला लागल्या. माझा भाऊ, तुझी जाऊ, मीठ, लोणचं... आम्हाला हेच तर हवं होतं!

पण मॅडमचा अर्धा जन्म रीडिंग रूममध्ये गेलाय. सवयीने टेबलावर हात आपटला. "शांतता राखा!"

राखली की. शेवटपर्यंत राखली. "काही शंका?" या प्रश्नालाही राखली.

परतताना मॅडम खुश. "किती शिस्तप्रिय श्रोतृवर्ग आहे गं!"

आणि हिराबाय मला निघताना म्हणाली होती, "तुज्या बाईला आमी भ्यालो गो. शालंन बसल्यावानी वाटला!"

* * *

आता माझा नंबर. माझी लेक दोन वर्षांची. एका सकाळी तिचे तळवे पिवळे दिसले. कामाच्या ठिकाणी बालरोगांचं अख्खं कपाट हाताशी असल्यावर काय होणार? जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तिचं लिव्हर निकामी करून टाकलेलं. तिला पाळणाघरातून उचललं आणि रडत रडत वॉर्डातल्या डॉक्टरांकडे धावले.

त्यांनी तळवे बघितले, डोळे बघितले. "मॅडम, गाजर देता का?"

"रोज! दोन वेळा!"

"जरा कमी करा. आणि पुस्तकं सांभाळा हो, वाचू नका."

पुढच्या गुरुवारी गावात माझाच विषय होता, 'घाबरू नका, खात्रीशीर माहिती घ्या'. मी भाबडेपणाने गाजराची गोष्ट सांगून टाकली. हिराबायने आमच्याच बीपी मशीनचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. आकडा बघितला आणि म्हणाली, "गोल्या हायत माज्या घरान. वापरल्या नाय. देऊ तुला?"

* * *

संक्रांतीला मी डोकं लढवलं. हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकची गोळ्यांची डबी दिली. सात वारांचे सात कप्पे. वाणाला बाई नाही म्हणत नाही! हिराबायनेही हौसेने घेतली.

पुढच्या खेपेला तिच्या घरी गेले तर डबी गॅसजवळच. वा! उघडून बघते तर सोमवारात मोहरी, मंगळवारात जिरं, बुधवारात हळद...

सुरेखा कपाळाला हात लावून म्हणाली, "मॅडम, फोडणी मात्र एकदम टायमावर होते!"

* * *

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "ऐकत नाहीत ना त्या? मग वाचायला लावू." पुढच्या कार्यक्रमात माईक थेट हिराबायच्या हातात!

माईक मिळाल्यावर काय विचारता. पदर खोचून, बोट वर करून तिने पत्रक वाचलं. "बरं वाटलं तरी गोळी बंद करू नये! ऐकला का गो?"

मागून एकजण ओरडली, "हिराबाय, तू घेतस का?"

सगळ्यांची तोंडं हिराबायकडे वळली. सुरेखा खाली मान घालून बसलेली.

"सुरेखे!" माईकवरूनच हाक गेली. "आन माजी गोली!"

सुरेखा चप्पल न घालताच पळाली. हिराबायने गोळी चारी दिशांना दाखवली आणि तोंडात टाकली. गिळल्याचा आवाज लाऊडस्पीकरवरून गावभर गेला. मंडपात टाळ्यांचा कडकडाट!

तेव्हापासून रोज सकाळी आळीतल्या चार बायका तिच्या ओटीवर जमतात. ती गोळी घेते, त्या टाळ्या वाजवतात, चहा होतो. बीपी उतरलंय. फक्त रविवारची पंचाईत. बायका कल्याणला भाजी विकायला जातात, ओटीवर कुणी नसतं. सुरेखा म्हणाली, "मी एकटीने वाजवलेली टाळी चालत नाही हो त्यांना. घरचं माणूस मोजत नाहीत!"

मला काळजी लागायला एवढं पुरतं. मी सुरेखाला माझा नंबर देऊन आले.

रविवारी सकाळी लेकीला न्हाऊ घालत होते. दोन्ही हात शॅम्पूने भरलेले, लेक ठणाणा रडतेय, आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. कोपराने कसाबसा घेतला. स्क्रीनभर हिराबायचं उघडं तोंड, जिभेवर पांढरी गोळी.

"बगतस काय गो नुसती? वाजव टाली लवकर, कडू लागते!"